गणतीत नसलेली बाई



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे त्या गृहस्थांनी आयुष्यभर ग्रंथालयाची सेवा केली, आणि त्यांच्या अमदानीत रहस्यकथांचे कपाट, वाचकांच्या मागणीचा मान राखून, नेहमी भरलेले असे, व त्यांच्या स्वतःच्या अभिरुचीचा मान राखून, ते नेहमी मागल्या दालनात असे. त्या कपाटातील एक वाङ्मयप्रकार आज दिवाणखान्यात आणून बसविण्याची परवानगी मी आपणांकडे मागतो. पोलीस खात्याच्या हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, ज्याला पगार नाही, सनद नाही, आणि गुन्ह्याशी ज्याचा संबंध केवळ शेजाराचा, अशा एखाद्या हौशी शोधकाने लहानशा गावात पडलेल्या खुनाचा उलगडा करावा, गाव पुन्हा आपापल्या कामाला लागावे, आणि पुढल्या पुस्तकात त्याच गावात, त्याच ओळखीच्या माणसांमध्ये, दुसरा खून पडावा, असा या कथामालांचा शिरस्ता आहे. त्यांच्या लोकप्रियतेचे कारण सांगताना विरंगुळा आणि गतकाळाची ओढ एवढ्या दोन गोष्टींवर बहुतेक टीकाकार विषय आटोपतात. ती कारणे खोटी नाहीत. परंतु विरंगुळा तर पत्त्यांच्या डावातही मिळतो, आणि गतकाळाची ओढ भागविण्यासाठी कोणाचा मुडदा पाडावा लागत नाही.

चर्चा हवेत राहू नये म्हणून मी या प्रकारातील सर्वांत नामांकित उदाहरण घेतो, ते म्हणजे ॲगाथा ख्रिस्ती या लेखिकेची मिस मार्पल आणि तिचे सेंट मेरी मीड हे इंग्लंडमधील काल्पनिक खेडे. १९२७ च्या डिसेंबरात ‘रॉयल मॅगझिन’ या मासिकात ही वृद्ध अविवाहित बाई प्रथम वाचकांसमोर आली आणि १९७६ साली, लेखिकेच्या मृत्यूनंतर, तिची शेवटची कादंबरी प्रसिद्ध झाली. बारा कादंबऱ्या आणि वीस लघुकथा, एवढा तिचा एकूण संसार.

त्या पहिल्या कथेचा आरंभ मला फार मार्मिक वाटतो. मिस मार्पलच्याच घरी काही मंडळी जमली आहेत: तिचा कादंबरीकार भाचा, एक चित्रकर्ती, एक धर्मोपदेशक, एक वकील आणि लंडनच्या पोलीस खात्याचे निवृत्त प्रमुख सर हेन्री क्लिदरिंग. दर मंगळवारी एकेकाने आपल्याला ठाऊक असलेले एखादे न उलगडलेले रहस्य सांगावे आणि इतरांनी ते सोडवावे, अशी टूम निघते. चित्रकर्ती उपस्थितांची मोजदाद करते आणि ती पाचांवर थांबते. शेकोटीजवळ काळ्या लेसची टोपी घालून, पांढऱ्या लोकरीचे काहीतरी विणीत बसलेली घरधनीण, जिच्या छताखाली ही सगळी पाहुणेमंडळी बसली आहेत, ती मोजण्यातून राहून गेलेली असते, आणि ते तिलाच, अत्यंत सौम्यपणे, लक्षात आणून द्यावे लागते. पुढे पन्नास वर्षे चाललेल्या मालेचे सगळे बीज या एका चुकलेल्या बेरजेत आहे असे माझे मत आहे.

त्या संध्याकाळचे कोडे सर हेन्री घालतात. जोन्स नावाच्या गृहस्थाच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर तिघे जण आजारी पडतात व त्याची बायको मरते. पुढे प्रेत उकरून तपासले असता सोमल सापडतो. जोन्स हॉटेलात उतरला असताना त्याने लिहिलेल्या पत्राचे काही तुटक शब्द टिपकागदावर उमटलेले असतात, त्यांत पत्नीच्या मरणाचा उल्लेख असतो आणि ‘शेकडो व हजारो’ असे काहीतरी असते. पोलीस अधिकारी, वकील, लेखक, सर्वांच्या बुद्धीला त्या शब्दांत पैसा दिसतो, कारण शेकडो आणि हजारो म्हटले की रुपये-आणे-पै यापलीकडे पुरुषांची दृष्टी सहसा जात नाही. मिस मार्पलला मात्र त्यात मिठाई दिसते: ट्रायफल नावाच्या पक्वान्नावर साखरेचे जे बारीक रंगीत दाणे भुरभुरतात, त्यांना तिकडच्या बाजारात याच नावाने ओळखतात, हे तिला स्वयंपाकघरामुळे ठाऊक असते. विष त्या दाण्यांत होते. सर्व मुद्देमाल, सर्व जबान्या आणि सर्व कायदा ज्यांच्यापाशी होता त्यांना जे उमगले नाही, ते वाणसामानाची यादी आयुष्यभर करीत आलेल्या बाईला उमगले. वाचकाला जो आनंद होतो तो येथे होतो, आणि तो न्याय झाल्याचा आनंद असण्यापूर्वी अधिकाराची फजिती झाल्याचा आनंद असतो. ज्या ज्ञानाची दप्तरात कोठे नोंद होत नाही, ते ज्ञान अखेर ज्ञानच होते, हा त्यातला खरा दिलासा.

अशा हौशी शोधकाची गरज इंग्लंडच्या वाचकाला का भासली, याला इतिहासही आहे. लंडनच्या पोलीस दलात गुप्त तपासाची शाखा १८४२ साली स्थापन झाली. १८६० साली विल्टशायर परगण्यातील रोड या खेड्यात एका सुखवस्तू घरातील अजाण बालकाचा खून झाला. लंडनहून जोनाथन व्हिचर नावाचा निष्णात अंमलदार पाठविण्यात आला, आणि त्याने घरातील सोळा वर्षांच्या मुलीवर संशय धरला. पुरावा टिकला नाही, मुलगी सुटली, आणि देशभर जो संताप उसळला तो खुन्याविषयी जितका होता तितकाच त्या पोलिसाविषयी होता, कारण खालच्या थरातून आलेल्या एका नोकराने सभ्य गृहस्थाच्या घरात शिरून त्याच्या मुलीचे कपडे मोजावेत ही कल्पनाच लोकांना असह्य झाली. पाच वर्षांनी त्या मुलीने स्वतः होऊन गुन्हा कबूल केला. व्हिचरच्या नावाला लागलेला बट्टा मात्र तोवर लागून गेला होता. विल्की कॉलिन्सच्या १८६८ च्या ‘द मूनस्टोन’ कादंबरीवर या प्रकरणाची गडद छाया आहे. घराबाहेरून आलेल्या सरकारी माणसाला सत्य कळले तरी ते सांगण्याचा त्याचा अखत्यार लोक मान्य करीत नाहीत, तेव्हा आधीच घरात येणेजाणे असलेले, ज्याच्यापुढे कोणी दार लावून घेत नाही असे माणूस हवे, हे कथालेखकांच्या हळूहळू ध्यानात आले. ॲना कॅथरीन ग्रीन या अमेरिकन लेखिकेने १८९७ मध्येच अमेलिया बटरवर्थ ही चौकस प्रौढ कुमारिका निर्माण केली होती. पण ती न्यूयॉर्कची. खेडे अजून यावयाचे होते.

खेड्याबद्दल शेरलॉक होम्सचे मत प्रसिद्ध आहे. ‘द कॉपर बीचेस’ या १८९२ च्या कथेत आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी टुमदार घरे पाहून वॉटसन हरखून जातो, आणि होम्स त्याला बजावतो की लंडनच्या ओंगळ गल्ल्यांपेक्षा या रम्य प्रदेशाचे भय त्याला अधिक वाटते, कारण गल्लीत मार खाणाऱ्या पोराची किंकाळी शेजाऱ्याला ऐकू जाते, आणि शेतांनी वेढलेल्या एकाकी घरात काय चालते हे कोणाच्याच कानावर जात नाही. निरीक्षण अचूक आहे, पण त्यातले खेडे हे नागर माणसाने गाडीतून पाहिलेले खेडे आहे. ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ या १९३० च्या पहिल्या मार्पल-कादंबरीत त्याचे उत्तर सापडते. तेथे घराला घर लागून आहे, कुंपणाला कुंपण. धर्मोपदेशकाच्या बंगल्याशेजारी मिस मार्पलची बाग आहे, आणि बागकाम हा टेहळणीचा किती उत्तम बहाणा आहे, तसेच पक्षिनिरीक्षणाची दुर्बीण इतर कामांसही किती उपयोगी पडते, हे कथन करणारा धर्मोपदेशक थोड्या वैतागाने नोंदवितो. गावाला नकोसा झालेला कर्नल प्रोथरो धर्मोपदेशकाच्या अभ्यासिकेत गोळी लागून मरतो. त्या दिवशी गल्लीने जाणाऱ्या एका बाईच्या हाती पिशवी नव्हती, म्हणून तिला पिस्तूल लपविता आले नसते, अशी ग्वाही मिस मार्पल देते. ही साधी गोष्ट ध्यानात यायला माणूस त्या गल्लीकडे रोज पाहणारे हवे, आणि बाईने हातात पिशवी न घेणे हे विशेष आहे एवढे कळण्यापुरते बाईमाणूसही हवे. इन्स्पेक्टर स्लॅक हा इतका उत्साही अंमलदार आहे की कोणाचे वाक्य पुरे होण्याइतका वेळही तो थांबत नाही.

हे वाचताना महाराष्ट्रातील वाचकाला एक जुना दाखला आठवल्यावाचून राहत नाही. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली आपल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याची कामे सांगितली आहेत: रात्री पहारा करणे, गावात कोण आला, कोण गेला याची खबर ठेवणे, परक्या माणसावर नजर ठेवून संशय आल्यास पाटलास वर्दी देणे, आणि गावातील प्रत्येक माणसाचा स्वभाव ओळखून असणे. चोरी झाली तर चोर धुंडाळणे त्याच्यावर बंधनकारक असे. माग काढीत तो दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या जागल्याच्या हवाली केला म्हणजे त्याची सुटका होई. प्रत्येकाचा स्वभाव ओळखणे हे येथे एक वतनी कर्तव्य आहे, हे मला विलक्षण वाटते. पाटलाकडे शिक्का होता, कुलकर्ण्याकडे दप्तर होते, आणि माणसांची खरी माहिती ज्याच्याकडे होती तो बहुधा वेशीबाहेर राहत होता. सेंट मेरी मीडशी ही तुलना फार ताणू नये हे मी जाणतो. मिस मार्पलला लोक विसरतात, तरी चहाला बोलावतात. आमच्या जागल्याला कोणी ओट्यावरही बोलावीत नव्हते. इंग्रजी खेड्यातही गणतीबाहेरची माणसे दोन प्रकारची होती, आणि मिस मार्पल त्यांपैकी वरच्या प्रकारातली होती, ही गोष्ट तिच्या चाहत्यांच्या नजरेतून अनेकदा निसटते.

आता आक्षेपकांकडे वळतो. रेमंड चँडलर या अमेरिकन रहस्यकथाकाराने १९४४ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात या इंग्रजी पद्धतीची भरपूर रेवडी उडविली. बंगल्यातील नाजूक खून त्याला खोटे वाटत, आणि डॅशिएल हॅमेट या लेखकाने खून परत रस्त्यावर, खरोखर खून करणाऱ्या माणसांच्या हाती दिला, याबद्दल चँडलरने त्याची पाठ थोपटली. त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, परंतु विष देणारा नवराही खरोखरच खून करतो, आणि अशा नवऱ्यांची संख्या जगात काही कमी नाही. कवी ऑडन याने १९४८ साली याच्या उलट बाजूने लिहिले. तो स्वतः या व्यसनाचा बळी होता आणि इंग्लंडच्या ग्रामीण भागाबाहेर घडणारी रहस्यकथा त्याच्याने वाचवत नसे. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे की स्थळ जितके निष्पाप नंदनवनासारखे, तितका तेथील खून अधिक विसंगत, आणि खुनी हुडकून काढल्यावर उरलेला समाज पुन्हा निष्पाप ठरतो, या शुद्धीकरणासाठी आपण वाचतो.

ऑडनसारख्या बुद्धिमान माणसाशी मतभेद दर्शविणे धाडसाचे आहे, परंतु निदान मिस मार्पलच्या बाबतीत तरी ही उपपत्ती मला पटत नाही. सेंट मेरी मीड नंदनवन आहे असे त्या गावातील इतर कोणाला वाटत असेल. तिला कधीही वाटलेले नाही. ती माणसाविषयी वाईटात वाईट तेच आधी गृहीत धरते आणि बहुतेक वेळा ते खरे निघते, असे ती स्वतःच खेदाने म्हणते. तिची तपासाची पद्धतही याच कडू बियाण्यातून आलेली आहे: समोरचा लक्षाधीश, अभिनेत्री किंवा बॅरोनेट पाहून तिला गावातला कोणीतरी आठवतो, मासे विकणाऱ्याचा पोऱ्या, किंवा, जोन्सच्या प्रकरणात, माउंटवर राहणारा म्हातारा हारग्रीव्ह्ज, जो मेल्यावर त्याची सर्व मिळकत एका पूर्वीच्या मोलकरणीला गेली आणि तिच्यापासून त्याला पाच मुले होती हे बायकोला तेव्हा कळले. ज्या गावाच्या स्मृतीत असले दाखले फडताळे भरून ठेवलेले आहेत, ते गाव खुनाआधीही निष्पाप नव्हते आणि नंतरही होत नाही. शिवाय त्या काळात गुन्हा शाबीत होणे म्हणजे फासावर जाणे. ब्रिटनमध्ये खुनासाठी देहान्त शिक्षा १९६५ पर्यंत होती, आणि विणकामाच्या सुया खाली ठेवून माणसाला फासापर्यंत नेताना या बाईचा हात कापत नाही. ‘फोर-फिफ्टी फ्रॉम पॅडिंग्टन’ या १९५७ च्या कादंबरीत तर कायदा मवाळ होत चालल्याबद्दल ती उघड हळहळ व्यक्त करते. गुलाबाच्या वेली आणि चहाच्या किटल्या पाहून ज्यांनी या कथांना उबदार म्हटले, त्यांनी आतली थंडी मोजलेली नाही.

गावाच्या या स्मृतीचे दुसरे, कुजबुजीचे रूप ‘द मूव्हिंग फिंगर’ या कादंबरीत आहे, तेथे निनावी पत्रांनी एक गाव नासते. एकमेकांची माहिती असणे हेच तेथे विष होते आणि तेच औषध. पण त्याहून थोर, आणि माझ्या मते या मालेतील सर्वोत्तम, कादंबरी १९५० ची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ ही आहे. चिपिंग क्लेगहॉर्न या गावच्या वृत्तपत्रात, विकाऊ सायकली आणि कुत्र्यांच्या पिलांच्या जाहिरातींमध्ये, अमुक दिवशी अमुक घरी सायंकाळी साडेसहाला खून होणार असल्याची जाहिरात येते, आणि शेजारी, काहीतरी गंमत असेल म्हणून, वेळेवर हजर होतात. युद्ध संपून पाच वर्षे झाली आहेत, अन्नधान्यावर नियंत्रण आहे, घरकामाला माणसे मिळत नाहीत. आणि याच पुस्तकात मिस मार्पल एका तरुण पोलीस अधिकाऱ्याला समजावून सांगते की पंधरा वर्षांपूर्वी गावात नवा माणूस आला तर तो कोणाच्या तरी ओळखीची चिठ्ठी घेऊन येई, कोणाचा तरी पलटणीतला किंवा बोटीवरचा सोबती असे. आता हिंदुस्थान, हाँगकाँग, चीन येथून परतलेली माणसे येतात, छोटी घरे घेतात, आणि त्यांच्याविषयी आपल्याला तेवढेच ठाऊक असते जेवढे ती स्वतः सांगतात. १९४७ नंतर आमच्याकडून परत गेलेले कित्येक साहेब आणि मडमा या वाक्याच्या पोटात आहेत. माणसाची ओळख शेजाऱ्याच्या स्मरणात असायची ती आता ओळखपत्रावर आणि रेशन कार्डावर आली, आणि कागद खोटा करता येतो. ज्या क्षणी गाव गावपण हरवून बसते, त्या क्षणावर ही कादंबरी उभी आहे; खून हे केवळ त्याचे निमित्त.

पुढे १९६२ च्या ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ मध्ये सेंट मेरी मीडच्या कडेला नवी वसाहत उभी राहते, टोपलीत सामान स्वतः उचलून घ्यायचे मोठे दुकान येते, आणि मिस मार्पलला डॉक्टरांनी बागकामाची मनाई केलेली असते, म्हणजे टेहळणीच्या नोकरीवरून जणू तिला सक्तीने निवृत्त केलेले असते. ती एके दिवशी चोरून त्या वसाहतीत फेरफटका मारते. तेथे तिला आढळते ते असे की घरे नवी, पडदे नवे, आणि माणसे जुनीच; गावातले सगळे नमुने तेथे तिला पुन्हा भेटतात. हळवेपणाचा मोह लेखिकेने येथे टाळला, ही तिची ताकद.

मिस मार्पलचे मूळ शोधू गेल्यास १९२६ च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ मधील डॉक्टरची बहीण, कॅरोलाइन शेपर्ड, हिच्यापाशी आपण पोहोचतो; घराबाहेर न पडता गावाची खडान्‌खडा माहिती राखणारी ही प्रौढा लेखिकेची आवडती होती. १९२८ साली त्या कादंबरीचे नाटक झाले तेव्हा नाटककाराने कॅरोलाइनला वगळून तिच्या जागी एक तरुण सुंदर मुलगी घातली, आणि ख्रिस्तीबाईंना ते फार लागले. रंगभूमीच्या हिशेबातही म्हातारी अविवाहित बाई भरत नव्हती.

यानंतर या प्रकाराला जे उदंड पीक आले त्याबद्दल फार बोलण्याचे प्रयोजन नाही. अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९८४ ते १९९६ या काळात ‘मर्डर, शी रोट’ ही मालिका चालली, तिचे २६४ भाग झाले, आणि मेन राज्यातील कॅबट कोव्ह या काल्पनिक किनारी गावात इतकी माणसे मारली गेली की त्या गावाचा मृत्युदर हा थट्टेचा विषय झाला. गावातील बाह्य दृश्यांचे चित्रीकरण मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो गावी होत असे. नायिका जेसिका फ्लेचर ही स्वतःच नामवंत लेखिका, सर्वत्र सन्मानाने बोलावली जाणारी. ती हुशार आहे, सालस आहे, पण तिला मोजायला कोणी विसरत नाही, आणि तेथेच माझे तिच्यावरचे लक्ष उडते. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, परंतु त्यांचा धनंजय हा शहरचा. फुरसुंगीहून आलेला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तेवढा, पोर म्हणून मोठ्यांकडून दुर्लक्षिला जाणारा, या कुळाशी नाते सांगू शकेल.

शेवटी एका कादंबरीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण मघाशी ज्या दुसऱ्या, खालच्या प्रकारच्या गणतीबाह्य माणसांचा मी उल्लेख केला, त्यांचा हिशेब त्यात मांडला आहे. ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ ही १९५३ ची. रेक्स फॉर्टेस्क्यू हा धनाढ्य व्यापारी विषाने मरतो, मग त्याची तरुण पत्नी मरते, आणि त्यांच्या घरची मोलकरीण ग्लॅडिस मार्टिन गळा आवळलेल्या स्थितीत वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये सापडते. खुन्याने तिच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावून ठेवलेला असतो. वृत्तपत्रांना आणि पोलिसांना रस आहे तो व्यापाऱ्याच्या मिळकतीत आणि वारसांत. मिस मार्पलला या प्रकरणी कोणीही बोलावलेले नाही. अनाथाश्रमातून आलेल्या या अजागळ मुलीला वाढायला आणि चांदीची भांडी घासायला तिनेच शिकविलेले, म्हणून ती वर्तमानपत्रे विकत घेऊन, गाडीत बसून, त्या अपरिचित घराच्या दारात येऊन उभी राहते, आणि तिचा सगळा राग त्या चिमट्यावर आहे. मारणे एक वेळ समजू शकते, पण मेलेल्या पोरीची अशी थट्टा करण्याची ऐट कोणाला सुचली असेल, तर तो माणूस कसा असेल, येथून ती तपासाला आरंभ करते आणि त्याच्यापर्यंत पोहोचते. मात्र नेहमीप्रमाणे तिच्यापाशी तर्क असतो, न्यायालयात टिकेल असा कागद नसतो. इन्स्पेक्टर नीलला ती तेवढे सांगून घरी परतते. घरी तिच्यासाठी ग्लॅडिसचे एक पत्र येऊन पडलेले असते, मरणापूर्वी टपालात टाकलेले, कच्च्या भाषेत आपली अडचण सांगून आता काय करू म्हणून विचारणारे, आणि सोबत आपल्या प्रियकराबरोबर काढलेले छायाचित्र. सरकार पक्षाला पाहिजे होता तो पुरावा तोच.